सोबत कोण आहे? चाकाची खुर्ची, जहाज आणि एकट्याचा प्रवास

(पेठ वडगाव इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून एक शेरा आला, "सर, वडगाव कुठं आणि क्रूझ कुठं? आपल्याकडं वारणेला पूर आला तरच बोट दिसते." शेरा चांगला आहे. पण मी काही क्रूझची माहिती सांगायला उभा नाही. ते काम ट्रॅव्हल कंपन्या आपल्यापेक्षा चांगलं करतात. माझं काम समीक्षेचं. मजकूर वाचायचा आणि त्यात कुणाला जागा आहे, कुणाला नाही, हे बघायचं. आज मी चार तऱ्हेचे मजकूर वाचणार आहे: क्रूझची जाहिरात, कायद्याचं कलम, सवलतीचा दाखला आणि आपलं मराठी प्रवासवर्णन. चारही मजकुरांना प्रश्न एकच. चाकाच्या खुर्चीवर बसणारा माणूस एकटा आला, तर त्याचं काय?

आधी एक गोष्ट मान्य करू. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसाला जहाज हे वाहन खरं तर फार सोयीचं ठरू शकतं. एरवीच्या सहलीत काय होतं? रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल, रोज नवं बाथरूम. दार केवढं आहे, कमोडला दांडी आहे का, पायरी किती उंच आहे, ही परीक्षा रोज पहिल्यापासून. विमानात तर स्वतःची खुर्ची दारात सोडावी लागते आणि ती सामानात जाते. जहाजावर खोली एकदाच तपासायची. तिचं दार पुरेसं रुंद निघालं की निघालं. पुढं गाव बदलतं, खोली बदलत नाही, आणि खुर्ची आपल्याबरोबर राहते.

तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, म्हणून इथं दोन नावं घेतो. देकार्तनं १६४१ च्या 'मेडिटेशन्स'मध्ये जहाजाचीच उपमा वापरली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, नावाडी जहाजात बसावा तसा मी माझ्या शरीरात नुसता बसलेलो नाही. शरीराला लागलं तर मला दुखतं. पुढं १९४५ मध्ये मर्लो-पाँतीनं आंधळ्याच्या काठीचं उदाहरण घेतलं. सवयीची काठी ही हातात धरलेली वस्तू राहत नाही, ती त्या माणसाच्या स्पर्शाचाच भाग होते. खुर्चीचंही तसंच आहे. वीस वर्षं ज्या खुर्चीवर माणूस वावरला, ती सामानात टाकणं म्हणजे त्याचे पाय सामानात टाकणं. म्हणून खुर्ची जवळ ठेवू देणाऱ्या वाहनाला महत्त्व आहे. इथपर्यंत जाहिरात खरी बोलते.

माणशी भाडं, पण माणसं दोन

आता त्याच जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात काय असतं ते वाचा. 'प्रति व्यक्ती, ट्विन शेअरिंग.' म्हणजे छापलेलं भाडं एका माणसाचं, पण खोलीत दोघं राहणार हे धरून काढलेलं. एकटा गेलात तर वर 'सिंगल सप्लिमेंट'. हा आकार कधी कधी इतका असतो की एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात. न आलेल्या माणसाचं भाडं! त्यामागचा हिशेब मला समजतो. पलंग रिकामा राहिला की कंपनीचं उत्पन्न बुडतं. पण हिशेब समजला म्हणून त्यातलं गृहीतक नजरेआड करता येत नाही. प्रवासी म्हणजे जोडी, हे ते गृहीतक.

एकट्यांची संख्या वाढली तशी काही कंपन्यांनी वाट काढली. २०१० मध्ये 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर खास एकट्यांसाठी १२८ छोट्या खोल्या केल्या, प्रत्येकी सुमारे १०० चौरस फुटांच्या. कल्पना चांगली. आता आपण गणित करू. १०० चौरस फूट म्हणजे दहा बाय दहा. त्यातून पलंग, कपाट, न्हाणीघर वजा करा. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळवायला साधारण १५०० मिलिमीटर, म्हणजे पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. ती आणायची कुठून? म्हणजे बघा, एकट्यासाठी जी खोली स्वस्त, ती सहसा खुर्चीला पुरत नाही. खुर्चीला जी पुरते ती मोठी, आणि मोठी म्हणून दोघांच्या दरात. एकटा असणं आणि खुर्चीवर असणं या दोन गोष्टींचा स्वतंत्र विचार कुणीतरी केला आहे. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात, याचा विचार क्वचितच दिसतो.

उंबरठा आणि पडाव

जहाजवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जहाज हे हॉटेल नव्हे. उघड्या डेकवर उघडणाऱ्या दारांना उंच उंबरठे असतात ते पाणी आत येऊ नये म्हणून. आग लागली तर लिफ्ट बंद ठेवतात, आणि जिन्यानं खुर्ची उतरत नाही. म्हणून तर 'सोलास' या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात अशी तरतूद आहे की, संकटात मदत लागेल असं ज्या प्रवाशांनी सांगितलं आहे, त्यांची नोंद जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाकडं गेली पाहिजे. या तरतुदीत एक शहाणपण आहे. माणसानं स्वतः सांगायचं, जहाजानं तयारी करायची. 'येऊ नका' असं त्यात कुठंही नाही.

तिसरी अडचण धक्क्याची. काही बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात नांगर टाकतं. मग 'टेंडर' नावाच्या छोट्या बोटीतून माणसं किनाऱ्यावर नेतात. लाटेवर हलणाऱ्या त्या बोटीत खुर्चीवाल्याला घ्यायचं की नाही हे त्या त्या वेळी ठरतं. बऱ्याचदा उत्तर 'नाही' असंच येतं. पैसे सगळ्या बंदरांचे भरलेले, आणि गाव मात्र डेकवरून बघायचं.

कोकणातल्या जुन्या माणसांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जायची. बऱ्याच बंदरांत ती लांब उभी राहायची आणि उतारूंना न्यायला पडाव यायचा. आगबोटीतून पडावात, पडावातून गुडघाभर पाण्यात. म्हातारी माणसं खलाशांच्या खांद्यावरून उतरायची. आपण याच्या आठवणी मोठ्या प्रेमानं सांगतो. पण एक लक्षात घ्या. तिथं धडधाकट माणसालाही हात लागायचा. सगळेच परावलंबी होते, म्हणून कुणालाच परावलंबी म्हणत नव्हते. धक्का झाला, पायऱ्या झाल्या, आणि ज्यांना पायऱ्या चढता आल्या ते स्वावलंबी ठरले. बाकीचे 'अपंग' झाले. अपंगत्व शरीरात किती आणि बांधकामात किती, या प्रश्नावर १९७० च्या दशकापासून इंग्लंडमधल्या अपंगांच्या चळवळीनं मोठी मांडणी केली. आपल्या कोकणच्या बंदरावर तीच गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते.

आणखी एक कोकणचंच उदाहरण. दाभोळ–धोपावे फेरीबोट २००३ पासून चालते. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली. या बोटींचा पुढचा भाग खाली पडतो, त्यावरून मोटारी, टेम्पो, ट्रक आत जातात. आता ज्या फळीवरून ट्रक जातो तिच्यावरून खुर्ची जाणार नाही का? ओहोटीला चढ तीव्र होतो, कुणी मागून हात लावला तर बरं, हे खरं. पण वाट आहे! अपंगांसाठी म्हणून ती कुणी केलेली नाही. मोटारीला पायरी चढता येत नाही, एवढंच कारण. मोटारीला पायरी चढता येत नाही म्हणून मोटार अपंग आहे असं आपण म्हणत नाही. आपण मुकाट्यानं उतार करून देतो.

कायद्याची भाषा

आता कायद्याकडं येऊ. आपला १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा. त्याच्या ४४व्या कलमात रेल्वेचे डबे, बस, विमानं यांच्याबरोबर जहाजांचाही उल्लेख होता. चाकाच्या खुर्चीला जाता यावं असे बदल करा, स्वच्छतागृहंसुद्धा तशी करा, असं ते कलम सांगत होतं. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कायद्याला जहाज आठवलं होतं. मात्र सुरुवातीलाच एक अट घातली होती: आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. मग आला २०१६ चा नवा कायदा. त्याच्या ४१व्या कलमात सोयी कुठं कुठं हव्यात याची यादी आहे: बसथांबे, रेल्वेस्थानकं, विमानतळ. बंदराचं नाव त्या यादीत नाही. पुढच्या वाक्यात 'वाहतुकीची सर्व साधनं' असं आहे, त्यात जहाज बसतं. पण जुन्या वाहनांतल्या बदलांना पुन्हा अटी: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, सुरक्षित असेल, परवडत असेल, रचनेत मोठा फेरफार करावा लागणार नसेल तर. एका वाक्यात चार 'तर'. हक्क देणाऱ्या वाक्यात एवढे 'तर' आले की वाचणाऱ्यानं थांबावं.

न्यायालयानं अलीकडं यावर बोट ठेवलं आहे. राजीव रतुडी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, किमान काही मानकं सक्तीची हवीत. त्याच्या जेमतेम सव्वा महिना आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, 'क्रूझ भारत मिशन' मुंबईत जाहीर झालं होतं. २०२९ पर्यंत क्रूझ पर्यटन दुपटीनं वाढवायचं, नवे धक्के आणि टर्मिनल बांधायची, असं ते धोरण आहे. जुनं जहाज फोडून बदलणं महाग, हे मी मान्य करतो. पण जे अजून बांधायचं आहे, त्याला 'परवडत असेल तर' कशाला?

परदेशातलं एक प्रकरण सांगतो, कारण ते नेमकं आपल्या प्रश्नावर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन' हा खटला निकाली निघाला. अपंग प्रवाशांच्या तक्रारी काय होत्या? आमच्याकडून जादा पैसे घेतात. आम्हाला वेगळी हमीपत्रं द्यायला लावतात. आणि तिसरी तक्रार: सोबत माणूस आणायची अट फक्त आम्हालाच घालतात. जहाजं बहामाच्या निशाणाची होती, तेव्हा आमचा कायदा तिथं लागू होतो का, हा कायद्याचा मुद्दा होता. न्यायालयानं म्हटलं, अमेरिकेच्या पाण्यात आहेत तोवर लागू होतो. मात्र जहाजाच्या सुरक्षेला बाध आणणारे बांधकामातले बदल मागता येणार नाहीत. इथं लोखंड आणि अट या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. लोखंड बदलायला खर्च येतो. 'एकटे येऊ नका' ही अट काढायला लोखंड कापावं लागत नाही. अर्थात मदतीचा माणूस जहाजानं ठेवायचा म्हटलं तर त्याचा पगार आहे, प्रशिक्षण आहे. तो खर्च कुणी करायचा, हा खरा वाद.

आपल्याकडचं उदाहरण विमानाचं आहे. जीजा घोष, सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या, फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी एकट्या निघाल्या होत्या. आसनावर बसल्यावर त्यांना विमानातून उतरवलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

दाखल्यावरचं वाक्य

एवढं लांब कशाला जायचं? रेल्वेचा सवलतीचा दाखला वाचा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचं तरी हाच दाखला लागतो. अस्थिव्यंग असलेल्या प्रवाशाला भाड्यात सवलत आहे, सोबतच्या माणसालाही आहे. चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सवलत कुणाला? 'सोबतीच्या मदतीशिवाय प्रवास करू शकत नाही' अशा व्यक्तीला. पूर्ण दृष्टिहीन व्यक्तीच्या बाबतीत मात्र 'एकट्यानं किंवा सोबतीसह' असे शब्द आहेत. एकाच तक्त्यात दोन भाषा! ज्याला दिसत नाही तो एकटा निघू शकतो हे रेल्वेला मान्य आहे. ज्याला चालता येत नाही त्यानं मात्र सवलतीसाठी आधी 'मला एकट्याला जमत नाही' असं डॉक्टरकडून लिहून आणायचं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. पोलिओ झालेला, बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी मिळून फिरल्या. आई गेल्यावर तिनं एका कंपनीकडं समुद्रसफरीची चौकशी केली. पलीकडून पहिला प्रश्न आला, "सोबत कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "मग नाही जमणार, मॅडम." मला म्हणाली, "सर, मला सोबत नको असं नाही. हवीच आहे. पण ती तिकिटाची अट म्हणून नको."

हे एका बाईचं रडगाणं नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी पोलिओ झालेली पिढी आज चाळिशी, पन्नाशी, साठीत आहे. त्यांतल्या अनेकांची लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आई-वडील थकले किंवा गेले. शिकलेली, कमावती, पेन्शन घेणारी माणसं आहेत ही. 'सोबत कोण आहे' या प्रश्नाला त्यांच्याकडं उत्तर नाही, आणि तोच प्रश्न दारात उभा आहे.

आपलं प्रवासवर्णन

समुद्र ओलांडायला कोण पात्र, हा वाद आपल्याकडं जुना आहे. समुद्रयात्रा कलिवर्ज्यात टाकली होती. आपल्या कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले आणि फ्लॉरेन्सला वारले. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या, त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेव्हा अडवणूक शास्त्राची होती, आणि ती मोडणाऱ्यांनी लिहूनही ठेवलं. मराठी प्रवासवर्णनाचा पाया असा बंडाचा आहे. पुढं 'अपूर्वाई'त पु. ल. आणि सुनीताबाई आल्या, प्रवास जोडीचा आणि हसरा झाला. मीना प्रभु यांनी एकट्या बाईच्या भटकंतीला मराठीत प्रतिष्ठा दिली. पण या सगळ्या परंपरेत एक गोष्ट कुणी तपासली नाही: पाय. 'शहर पायी फिरल्याशिवाय कळत नाही' हे आपल्या प्रवासलेखकांचं लाडकं तत्त्व. किती पायऱ्या चढलो ते अभिमानानं सांगायचं. त्या पायऱ्या कुणाला अडवतात, हा प्रश्न प्रवासवर्णनात फारसा येत नाही.

तो प्रश्न आला आत्मकथनात. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आपल्याच जिल्ह्यातलं. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, स्वतः पॅराप्लेजिक असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्यामुळं दिशा मिळाली, नोकरी केली, १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. हे पुस्तक आपण जिद्दीची कहाणी म्हणून वाचतो, मुलांना बक्षीस देतो. माझं मत असं की त्याचं वाचन तिथं थांबवणं हा पुस्तकावर अन्याय आहे. शीर्षक बघा. त्यात 'जिद्द' नाही, 'झुंज' नाही. एका वस्तूचं साधं नाव आहे. ही वस्तू जिथं जाईल तिथं मी जाईन, आणि ती जिथं अडेल तिथं दोष वाटेचा, असं त्या शीर्षकातून वाचता येतं. जिद्दीचं कौतुक करणाऱ्याला उतार बांधावा लागत नाही, म्हणून कौतुक आपल्याला स्वस्त पडतं.

एक आक्षेप

एक आक्षेप तुमच्या मनात असणार. शाळेला उतार नाही, एस.टी.च्या पायरीला हात पोचत नाही, आणि प्राध्यापक क्रूझबद्दल बोलतायत! आक्षेप गंभीर आहे. माझं उत्तर असं. शाळेला, दवाखान्याला, मतदानाला माणसं आपल्याला उचलून नेतात. काम असतं ना! हौसेला कुणी उचलून नेत नाही. 'तुला कशाला जायचंय तिकडं?' असं विचारतात. धडधाकट माणसाला कारण नसताना फिरता येतं, आणि कारण सांगावं लागत नाही, हेच त्याचं स्वातंत्र्य. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारतानं २००७ मध्ये मान्यता दिली. त्याचं तिसावं कलम करमणूक, खेळ आणि पर्यटन यांचं आहे. ते शेवटी लावलेलं शेपूट नव्हे. माणसाला फक्त गरजा असतात की इच्छाही असतात, याचं ते उत्तर आहे.

आणि 'सोबत' या शब्दाबद्दल. मराठीतला हा फार गोड शब्द. सोबत म्हणजे बरोबर असणं, गप्पा, सूर्यास्त दोघांनी बघणं. मदत ही वेगळी गोष्ट. खुर्ची उंबरठ्यावरून उचलणं ही मदत. जिथं उतार नसतो, तिथं सोबतीच्या माणसाचाच उतार करतात. बहीण, भाचा, मैत्रीण, सगळे हमाल होतात, आणि मग सूर्यास्त बघायचा राहतो. मदतीची व्यवस्था जहाजानं केली, तर सोबत निवडता येते. नको असेल त्या दिवशी नाकारताही येते. एकटं असणं आणि एकाकी असणं यांतला फरक तिथं आहे. एकटेपण निवडलेलं असू शकतं.

म्हणून यापुढं समुद्रसफरीची जाहिरात हातात आली, मग ती स्वतःसाठी असो वा दुसऱ्यासाठी, तर चार गोष्टी विचारा. खोलीच्या आणि बाथरूमच्या दाराची रुंदी किती, ती आकड्यांत सांगा. कोणत्या बंदरांत टेंडर आहे आणि तिथं खुर्ची उतरते का? आग लागली तर मला जिन्यानं कोण उतरवणार? आणि चौथा प्रश्न: मी एकटा आलो तर भाडं किती आणि अट कोणती? उत्तरं लेखी मागा. 'काळजी करू नका, आमचे लोक आहेत' हे उत्तर नव्हे. माझ्या विद्यार्थिनीनं आता असंच एक पत्र पाठवलं आहे. उत्तराची वाट बघते आहे.

मी थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.